हापशीचा दांडा

परवा दिवाळीच्या अगोदर आमच्या घरी कपाटे आवरण्याचे प्रकरण निघाले. हे प्रकरण दरवर्षी निघते आणि दरवर्षी त्यात माझ्या कागदांचा बळी जातो. प्राध्यापकाच्या कपाटात रद्दीखेरीज दुसरे काही असूच शकत नाही, असे घरातील मंडळींचे ठाम मत आहे. आणि खरे सांगावयाचे तर या मताविरुद्ध फारसा पुरावा मलाही आजवर सापडलेला नाही. मी खुर्चीवर वर्तमानपत्र वाचण्याचे सोंग करून बसलो होतो, तोच सौ. हातांत काही कागद घेऊन पुढे येऊन उभ्या राहिल्या. "अहो, हे तिन्ही एकाच गावच्या पाण्याचे दिसतात. तिन्ही कशाला ठेवायचे? एक काय तो ठेवा नि बाकीचे रद्दीत जाऊ द्या."

मी कागद हातांत घेतले. पहिला आठ पानांचा, इंग्रजीत छापलेला शोधनिबंध. वर माझे आणि दोन विद्यार्थ्यांचे नाव. दुसरा दोन पानांचा मराठी अहवाल, उजव्या कोपऱ्यात आवक क्रमांकाचा जांभळा शिक्का. तिसरा शाळकरी वहीतून फाडलेला एकच कागद. त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी माझ्या हातच्या आणि पाचवी दुसऱ्याच कोणाच्या हातची. पाणी एकच, ते मोजणारा माणूस एकच, आकडेही तेच. असे असता कागद तीन का लागले, आणि त्यांतला ठेवण्याजोगा कोणता, याचे उत्तर मला त्या क्षणी देता येईना. "असू देत तिन्ही," एवढेच म्हणालो. त्यावर समोर जी मुद्रा झाली तिचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे.

गोष्ट २०१० सालची. मी रसायनशास्त्र शिकवतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा गावचा एक विद्यार्थी आमच्या वर्गात होता. आमच्याकडे पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि म्हातारे अकालीच वाकतात, असे तो एकदा बोलता बोलता म्हणाला. हे फ्लोराइडचे काम असावे, हे ओळखण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. काही जातींच्या खडकांत हे द्रव्य असते. खोल बोअरचे पाणी त्या खडकांत दीर्घकाळ मुरले म्हणजे ते पाण्यात उतरते. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चवही बिघडत नाही. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात ते अधिक पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि ते जन्मभर राहतात. प्रमाण बरेच अधिक असून वर्षानुवर्षे तेच पाणी प्याले गेले तर हाडे व सांधे धरतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक; दुसरी सोयच नसेल तेथे दीडपर्यंत चालवून घ्यावे. आम्ही तिघे गेलो, गावातील अकरा हापशांचे पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून आणले, बाटल्यांवर क्रमांक घातले आणि प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड लावून मोजले. चार हापशांचे पाणी दीडच्या वर निघाले. त्यांतील एकीचे तर तीनच्याही वर.

आता शोधनिबंध लिहावयाचा. ही एक विलक्षण भाषा आहे. तीत माणसे नसतात. नमुने 'गोळा करण्यात आले', त्यांचे 'मापन करण्यात आले', निष्कर्ष 'काढण्यात आला'. जणू बाटल्या आपापल्या पायांनी चालत प्रयोगशाळेत आल्या आणि इलेक्ट्रोड स्वतः होऊन त्यांत बुडाला. या भाषेची थट्टा करणे सोपे आहे, आणि आमच्या मराठी विभागातील मित्र चहाच्या वेळी ती मनसोक्त करतात. पण मला तीत एक प्रकारची सभ्यता दिसते. शोधनिबंधाचा वाचक हा व्यवसायाने संशयी मनुष्य असतो. तो दूर कोठे तरी बसून आपल्या प्रत्येक आकड्याकडे वाकड्या नजरेने पाहत असतो, आणि त्याने तसे पाहावे अशीच आपली इच्छा असावी लागते. म्हणून जेवढे मोजले तेवढेच बोलावयाचे. 'आहे' म्हणण्याचा मोह आवरून 'दिसते' म्हणावयाचे. आपल्या मोजण्यात चूक किती असू शकेल तेही आपणच सांगून टाकावयाचे. पाटीवर हिशेब मांडून ती दुसऱ्याच्या हाती देण्यासारखे हे आहे. मी तो निबंध मोठ्या निगुतीने लिहिला. गावातील हापशांना त्यात 'एस-१' ते 'एस-११' अशी नावे दिली. वर्षा-सव्वा वर्षाने तो छापून आला. बढतीच्या अर्जात एक रकाना भरला. दोन-तीन परक्या लोकांनी आपल्या निबंधांत त्याचा उल्लेखही केला, आणि त्यांपैकी एकाने माझ्या आडनावाचे स्पेलिंग चुकवले.

आपले काम संबंधितांच्या कानी घालावे, ही जाणीव मला मुळीच नव्हती असे नाही. म्हणून दुसरा कागद. कोणत्या कार्यालयाकडे तो पाठवला हे सांगण्याचे कारण नाही, कारण अपराध माझा होता. मी केले ते इतकेच की, इंग्रजी निबंध थोडा आखडून मराठीत उतरवला. 'सदर क्षेत्रातील काही नमुन्यांमध्ये फ्लोराइडचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे आढळून आले असून या संदर्भात अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे.' हे वाक्य लिहिताना आपण जनतेच्या भाषेत बोलत आहोत असा माझा प्रामाणिक समज होता. वाचकहो, पत्राच्या शेवटी आपण 'कळावे, लोभ असावा' लिहितो, तसे आमच्या निबंधाच्या शेवटी 'अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे' हे वाक्य असते. तो एक शिष्टाचार आहे. त्याकडे कोणी शास्त्रज्ञ थांबून पाहतसुद्धा नाही. पण कार्यालयातील गृहस्थांना आमचा शिष्टाचार कसा ठाऊक असणार? त्यांनी ते वाक्य अक्षरशः घेतले. अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे, म्हणजे अजून काही ठरलेले नाही; ठरेल तेव्हा पाहू. कागद फायलीत गेला. मी त्यांच्या जागी असतो तर दुसरे काय केले असते?

यानंतर तीन वर्षे मी ते गाव विसरलो होतो.

२०१३ च्या उन्हाळ्यात त्याच विद्यार्थ्याचे लग्न निघाले आणि मी गावी गेलो. वऱ्हाड शाळेत उतरवले होते. सकाळी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. समोर पाच-सहा मुली खेळत होत्या आणि हसू आले की प्रत्येक जण तोंडावर हात धरी. हसताना तोंड झाकण्याची ही तऱ्हा मी आमच्या शहरातल्या मुलींत पाहिलेली नव्हती. ती का आली हे समजण्यास मला इलेक्ट्रोड लागला नाही.

इतक्यात एक आजी काठी टेकीत आल्या आणि समोर बसल्या. "तुमीच ना जी ते, बाटल्यात पानी भरून नेलं होतं?"

"हो, मीच."

"मंग काय निंगालं त्याच्यात?"

मी सरसावून बसलो. फ्लोराइड नावाचे एक द्रव्य असते, ते खडकातून पाण्यात कसे उतरते, येथपासून आरंभ केला. आजी शांतपणे ऐकत होत्या. कीर्तनात संस्कृत श्लोक चालला असता आपल्याकडच्या बायका ज्या आदराने ऐकतात त्या आदराने. मी मर्यादा, मानक, लिटर येथवर पोचलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "ते असू द्या जी. कोनत्या हापशीचं पानी प्याचं नि कोनत्या हापशीचं नाई, तेवढं सांगा."

आणि ते मला सांगता येईना.

मला आठवत होते ते एस-३, एस-५, एस-८ आणि एस-९. त्या गावात एस-३ नावाची हापशी नव्हती. तेथे देवळामागची हापशी होती, शाळेतली होती, गोठ्याजवळची होती, नाल्याकाठची होती, किराणा दुकानापुढची होती. यांतली एस-३ कोणती? नवरदेवाला विचारले, अंगाला हळद लागलेल्या त्या बिचाऱ्याला त्या दिवशी स्वतःचे नाव आठवणे कठीण होते. आठ पानांचा निबंध माझ्या नावावर होता, आणि त्या आठ पानांत ज्यांना ते पाणी प्यावयाचे होते त्यांना उपयोगी पडेल असा एक शब्द नव्हता. खरी नावे होती ती फक्त माझ्या कच्च्या वहीत, आणि वही कॉलेजात. "घरी गेल्यावर वही पाहून कळवतो," मी म्हणालो.

"तीन वर्सं झाले ना जी," आजी म्हणाल्या. आवाजात राग मुळीच नव्हता. पाऊस कधी पडला याचा हिशेब सांगावा तसे त्या बोलल्या.

परत येऊन वही काढली. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना जॉन स्नोची गोष्ट सांगतो. त्या रात्री ती मला स्वतःलाच पुन्हा सांगावीशी वाटली. लंडनमधील हा डॉक्टर. क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात, १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीला प्रसूतीच्या वेळी त्यानेच तो दिला. पटकी घाण हवेने पसरते असे त्या काळी बहुतेक सर्व वैद्यकाचे मत. ती पिण्याच्या पाण्यातून पसरते असे स्नोने १८४९ सालीच एका लहानशा पुस्तिकेत मांडले होते, पण ते कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा असा स्फोट झाला की दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे गेली. स्नोने मृतांची यादी मिळवली, घरोघर फिरला, आणि बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती आहेत असे त्याला दिसले. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो तेथील पॅरिशच्या मंडळापुढे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला.

आम्ही शिक्षक ही गोष्ट येथेच संपवतो, कारण येथे ती चांगली संपते. स्नोने मात्र ती येथे संपवलेली नाही. १८५५ साली त्याने आपल्या पुस्तिकेचे मोठे पुस्तक करून छापले. ते डॉक्टरांसाठी होते. त्यात तो स्वतःच सांगतो की, दांडा काढण्याआधीच साथ बरीच उतरली होती, लोक घरे सोडून पळाले होते, आणि म्हणून दांडा काढल्याने साथ थांबली की नाही हे ठरवता येत नाही. ज्या कृत्यामुळे पुढे त्याचे नाव जगभर झाले त्याच्याविषयी त्याने स्वतः हे लिहून ठेवले आहे! डॉक्टरांना पटवण्यासाठी त्याने दांड्यावर भिस्त ठेवली नाही. त्याने दुसरे पुरावे मांडले. त्याच रस्त्यावरील दारूच्या भट्टीतील सत्तरांवर कामगारांपैकी एकही दगावला नाही. ते पंपाचे पाणी पीत नसत. जवळच्या गरीबखान्यात ५३५ माणसे, त्यांतली फक्त पाच गेली. त्यांची स्वतःची विहीर होती. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून तेथून रोज बाटली भरून येई. त्या भागात पटकी नव्हती. पण ती बाई ते पाणी पिऊन गेली, आणि तिच्याकडे आलेली, तेच पाणी प्यालेली, दूरच्या इस्लिंग्टनची पुतणीही गेली. याखेरीज एक मोठे कोष्टक: शहराचे सांडपाणी मिसळलेले थेम्सचे पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, नदीच्या वरच्या अंगाचे पाणी आणणाऱ्या कंपनीच्या दहा हजार घरांमागे ३७.

त्या रात्री मला यातले जे दिसले ते पूर्वी कधी दिसले नव्हते. मंडळापुढे स्नो ठाम होता, पुस्तकात तो संशयी आहे. आणि दोन्हीकडे तो खराच आहे. मंडळातील गृहस्थांना त्याची उपपत्ती पटली नव्हती, पण सल्ला तेवढा त्यांनी मानला, असे त्याच्या मित्राने, डॉक्टर रिचर्डसनने, लिहून ठेवले आहे. त्यांना उपपत्ती पटण्याची गरजच नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्न होता एका लोखंडी दांड्याचा: ठेवायचा की काढायचा? स्नो चुकला असता तर चार दिवस लोकांना पलीकडच्या पंपावर जावे लागले असते. तो बरोबर असून दांडा राहिला असता तर काय झाले असते ते निराळे सांगावयास नको. अशा ठिकाणी 'असे दिसते, तथापि' करीत बसणे हा सावधपणा नव्हे. उलट, पटकी म्हणजे काय हे ठरवावयाचे असेल तेथे एकही शब्द सैल पडता कामा नये, कारण तो चुकला तर शेकडो गावांच्या औषधोपचारावर त्याचा परिणाम होईल. वाचक बदलला म्हणजे शब्द सोपे करावे लागतात, असे आम्ही इतके दिवस समजत आलो. माझ्या अहवालातले शब्द सोपे केले असते तरी तो फायलीतच गेला असता. वाचकाला आता काय करावयाचे आहे, हे आधी विचारावे लागते. किती संशय बरोबर ठेवावयाचा आणि किती आपल्या घरी, हे त्यावरून ठरते. आजींनी मला तेच विचारले होते.

स्नोला त्या मोठ्या पुस्तकापायी दोनशे पौंडांवर खर्च आला आणि परत तेवढे शिलिंगही मिळाले नाहीत, असेही रिचर्डसनच सांगतो. पण त्याची एक प्रत हेन्री व्हाइटहेड नावाच्या, त्याच वस्तीतल्या तरुण पाद्र्याच्या हाती पडली. त्याला ते मुळीच पटले नाही, म्हणून ते खोडून काढण्यासाठी तो वस्तीतील घरे धुंडाळू लागला. आणि शेवटी पंपाशेजारच्या घरात साथीच्या अगदी आरंभी आजारी पडलेल्या तान्ह्या मुलीपर्यंत तोच जाऊन पोचला. तिची दुपटी धुतलेले पाणी ज्या शोषखड्ड्यात टाकले जाई तो विहिरीला लागूनच होता. संशयी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकाला संशयी वाचकच भेटावा, हे त्याचे भाग्य. १८५८ साली स्नो गेला तेव्हाही बहुतेक वैद्यकाला त्याचे म्हणणे पटलेले नव्हते.

सर्वच शास्त्रज्ञ वाचकाकडे असे पाहत नाहीत. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'चा तिसरा खंड प्रथम पुष्कळांना वाचता यावा अशा सुगम रीतीने लिहिला होता. मग ज्यांना मूळ तत्त्वे पचलेली नाहीत ते जुने पूर्वग्रह सोडणार नाहीत आणि उगाच वाद घालतील, असे वाटून त्याने तो सारा गणिती प्रमेयांच्या रूपात पुन्हा रचला. हे त्याने खंडाच्या आरंभी स्वतःच सांगितले आहे. दार उघडून पुन्हा लावून घेण्याचा हा प्रकार. न्यूटनला तो शोभला. त्याच्या ग्रहांना त्याच्या पुस्तकावाचून चालत होते. आमच्याकडे याच्या अगदी उलट उदाहरण जयंत नारळीकरांचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांची उलटापालट करून. केंब्रिजच्या कीर्तीने परीक्षकांचे डोळे दिपू नयेत, कथा कथा म्हणून उभी राहते का ते कळावे, हा हेतू. ती पहिली आली. शास्त्रज्ञाने आपले नाव कोठे झाकावे याचा मला हा फार सुंदर दाखला वाटतो. माझ्या वाट्याला याची नेमकी दुसरी बाजू यावयाची होती.

पुढच्या रविवारी वही घेऊन गावी गेलो. शाळेच्या मास्तरांनी वहीचा एक कागद फाडून दिला. त्यावर पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या, आणि मास्तरांनी त्या शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत उतरवल्या. 'देवळामागची, शाळेतली, गोठ्याजवळची व नाल्याकाठची या चार हापशांचे पाणी पिऊ नये, स्वयंपाकास घेऊ नये. धुण्याभांड्यास चालेल. हे पाणी उकळले तरी चांगले होत नाही. लहान मुलांना तर ते मुळीच देऊ नये.' शेवटची ओळ झाल्यावर मास्तर शिडीवरूनच म्हणाले, "सर, दुकानापुढची किती निघाली?"

"एक पूर्णांक चार."

"म्हणजे चांगली का?"

नाल्याकाठची १.६ होती. निबंधात मी या दोहोंमध्ये फरक केला नव्हता, कारण मोजण्यातील चूक लक्षात घेता फरक करण्यासारखा तो नव्हताच. भिंतीवर मात्र एक हापशी वाईट आणि एक चांगली ठरणार होती. मधली जागा भिंतीवर नसते. मी बराच वेळ त्या शिडीखाली उभा होतो. अखेर 'दुकानापुढचे पाणी मोठ्यांनी प्यावे, लहानांना देऊ नये' असे म्हणालो. यात शास्त्र होते आणि थोडी माझी जबाबदारीही होती. किती शास्त्र आणि किती जबाबदारी, हे आजही तोलून सांगता येणार नाही. मग मास्तरांनी, मला न विचारताच, खाली माझे नाव, पदवी आणि मोबाइलचा नंबर लिहून टाकला. आयुष्यभर 'मापन करण्यात आले' लिहिणाऱ्या माणसाच्या वाक्याखाली प्रथमच त्याचा पत्ता लागला.

फोन येऊ लागले. चहाला हे पाणी चालेल का? म्हशीला पाजले तर दुधात उतरते का? तुरटी फिरवली तर? या शेवटच्या प्रश्नाने मी चपापलो, कारण तो अडाणी प्रश्न नव्हता. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवण्याची नालगोंडा नावाची पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेच काढलेली आहे. फक्त तीत मात्रा मोजून घालावी लागते, ढवळावे लागते, गाळ बसू द्यावा लागतो. हातात तुरटीचा खडा धरून हंड्यात फिरवण्याने ते होत नाही. हे फोनवर समजावून सांगण्यास मला निबंधाच्या दोन पानांहून अधिक श्रम पडले. दुधात ते फारसे उतरत नाही, हे पुस्तक काढून पाहून मग सांगितले. कॉलेजातील माझे एक वडीलधारे स्नेही म्हणाले, "तुम्ही आता शास्त्रज्ञ राहिला नाहीत, प्रचारक झालात." त्यांच्या म्हणण्यात काहीच अर्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. भिंतीवर लिहिण्याची चटक लागली की मोजण्याची सवय सुटते, अशी माणसे मी पाहिली आहेत.

महिनाभराने गावच्या आशाताईंचा फोन आला. "सर, तुमच्या भिंतीनं घोटाळा झाला."

झाले होते असे. हापशी सोडून बायका आता अर्ध्या मैलावरच्या जुन्या विहिरीचे पाणी आणू लागल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरचा तो हंडा माझ्या पहिल्या ओळीने चढवला होता, आणि ती लिहिताना मला तो दिसला नव्हता. पण घोटाळा तिसऱ्या ओळीचा होता. 'उकळले तरी चांगले होत नाही.' रसायनशास्त्र म्हणून हे वाक्य बिनचूक आहे. उकळल्याने पाणी आटते आणि फ्लोराइड उलट दाट होते. परंतु गावाने ते वाक्य असे वाचले की उकळण्याचा उपयोग नाही, सरांनीच लिहिले आहे. आणि पावसाळा तोंडावर असताना उघड्या विहिरीचे पाणी उकळणे चार घरांनी बंद केले. आशाताईंनी वर्षभर घरोघर जाऊन जे शिकवले होते ते मी एका खऱ्या वाक्याने पुसून टाकले. मी त्यांना म्हणालो, तुम्हीच सांगा काय लिहायचे. पुढच्या खेपेस त्यांनी मास्तरांकडून तो मूळ कागद मागून घेतला आणि माझ्या चार ओळींखाली आपली पाचवी लिहिली: 'विहिरीचं पाणी गाळून, उकळूनच प्या.' माझ्या चारही ओळींहून ती आखूड होती. 'सदर' नाही, 'तथापि' नाही, 'पिऊ नये' असा आडून बोललेला हुकूमसुद्धा नाही. समोरच्या माणसाकडे पाहून बोललेले वाक्य. भिंतीवर ती पांढऱ्या चुन्याने लिहिली गेली, कारण तोवर गेरू संपला होता.

गावाला आता नळाचे पाणी आले आहे. दिवसाआड येते, आणि उन्हाळ्यात तेही नाही. देवळामागच्या हापशीचा दांडा एके दिवशी नाहीसा झाला. कोणी काढला हे गावात कोणी सांगत नाही. ब्रॉड स्ट्रीटची गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नव्हती. आजी मात्र आता नाहीत.

तर हे तीन कागद. दुपारी सौ. पुन्हा आल्या, म्हणाल्या, "ठरलं का?" मी अहवाल त्यांच्या हाती दिला, तो रद्दीत गेला. वहीचा कागद त्यांनी स्वतःच घडी घालून पोथ्यांच्या कपाटात ठेवला. निबंध माझ्यापाशी राहिला. बराच वेळ तो चाळीत बसलो. मग पेन्सिल घेतली, चौथ्या पानावरचे कोष्टक काढले, आणि एस-३ च्या पुढे समासात लिहिले: देवळामागची. एस-५ च्या पुढे: शाळेतली. एस-८: गोठ्याजवळची. एस-९: नाल्याकाठची. उरलेल्या सातांची नावे लिहिण्यासाठी वही शोधू लागलो, तो ती कपाटाच्या आवराआवरीत कोठे गेली ते कोणालाच सांगता येईना.